परतीचे आठवडे आधी मोजा
ताई, पाचव्या महिन्यात व्हिजिटर व्हिसावर बहिणीकडे अमेरिकेला जाऊ का असं विचारलंत म्हणून लिहितेय. मी सांगलीची, अशीच पाचव्यात गेलेले. प्रेग्नंट आहे म्हणून बंदी नाही, पण २०२० पासून नियम असाय की बाळाला तिथलं नागरिकत्व मिळावं म्हणूनच निघालाय असं वाटलं तर व्हिसा देत नाहीत, आणि व्हिसा असला तरी आत सोडायचं का, किती दिवस, ते विमानतळावरचा ऑफिसर ठरवतो. मला विचारलंच, डिलिव्हरी कुठं? खरं तेच सांगितलं, सांगलीत आईकडं, आणि रिटर्न तिकीट पुढं केलं. खोटं अजिबात बोलू नका.

बऱ्याच एअरलाईन २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात, तेव्हा परतीच्या दिवशी कितवा आठवडा ते मोजा, जातानाचा नाही, इथंच घोळ होतो. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये बाळंतपण सहसा धरत नाहीत, आणि तिथलं बिल म्हणजे द्राक्षबाग विकायची वेळ. बाकी विमानात मधल्या वाटेकडची सीट घ्या, अधनंमधनं उठून चाला. सासूबाईंनी पर्समध्ये आवळा सुपारी कोंबलेली, मी वैतागलेले, पण मळमळायला लागल्यावर तीच कामाला आली.