हवामान पृथ्वीच्या पोटात ठरते की आपल्या धुराड्यांत?

गोदाकाठ : अंजनेरी चढताना एकावर एक बसलेले कातळाचे पट्टे दिसतात, ते सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर आहेत. त्या उद्रेकांतील वायूंनी साऱ्या पृथ्वीचे हवामान ढवळून काढले. ज्या ग्रहाच्या पोटात एवढी ताकद आहे, त्याच्या तापमानवाढीचे खापर केवळ गाड्या-कारखान्यांवर फोडणे मला घाईचे वाटते.

पाषाणभेद : ताकद आहेच, पण तिचा वेग पाहावा. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते, ते बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला हाच काळा कातळ) झिजवते, सुटलेले कॅल्शियम नद्यांवाटे समुद्रात जाते आणि तिथे शंख-शिंपल्यांच्या कवचांत कार्बन चुनखडी होऊन अडकतो. पुढे समुद्रतळाच्या भूपट्टासोबत ती खाली प्रावरणात, म्हणजे भूपट्टांखालच्या तप्त थरात, उतरते व ज्वालामुखीतून कार्बन पुन्हा वर येतो. हवा तापली की झीज वाढते आणि अधिक कार्बन ओढला जातो, म्हणून पृथ्वी राहण्याजोगी टिकली. मात्र ही दुरुस्ती लाखो वर्षांच्या हिशेबाने चालते. आज जगातील सारे ज्वालामुखी मिळून वर्षाला एक अब्ज टनही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण 35 अब्ज टनांहून अधिक सोडतो. शिवाय हवेतला ऑक्सिजन किंचित घटतो आहे, आणि तो घटतो जळणामुळे; ज्वालामुखीचा कार्बन वाढला असता तर तो असा घटला नसता.

गोदाकाठ : 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या एकट्या पिनाटुबो ज्वालामुखीने जगाचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने हलवले, हे विसरून कसे चालेल?

पाषाणभेद : हलवले, पण खाली. गंधकाचे ते कण दोन-तीन वर्षांत विरले. कार्बन तसा विरत नाही.

निफाडचा बागाईतदार : झिजेला वेग देण्यासाठी शेतात बेसाल्टची भुकटी पसरण्याचे प्रयोग जगात चालू आहेत, त्यावर कोणीच बोलले नाही. खडी क्रशरवर डस्टचे ढीग पडून असतात, ते बागेत का टाकू नयेत?

पाषाणभेद : आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींचा सामू (पीएच) आधीच आठच्या घरात, म्हणजे अल्कधर्मी असतो, आणि झिजेला तर आम्ल लागते. चर खणताना कुदळीला चुनखडीचे पांढरे खडे लागतात, आणि त्याच चुनखडीपायी द्राक्षवेलीला लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात. अशा जमिनीत भुकटी फारच सावकाश झिजेल. प्रयोग करायचाच तर कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत करावा, आणि घाट उतरणाऱ्या ट्रकचे डिझेल हिशेबात धरावे.