मदत हवी आहे : अन्वर ब्राहेम यांचे ऊदवादन समजून कसे ऐकावे?

ट्युनिशियाचे ऊदवादक (ऊद म्हणजे अरबी तंतुवाद्य) अन्वर ब्राहेम यांनी अली स्रीती यांच्याकडे अरबी मकामांची (रागांसारख्या स्वरचौकटींची) पारंपरिक तालीम घेतली आणि पुढे जॅझवादकांसह स्वतःची वाट काढली. ‘थिमार’मध्ये (१९९८) तालवाद्य नाही, केवळ सॅक्सोफोनवादक जॉन सरमन आणि डबल बासवादक डेव्ह हॉलंड यांची साथ आहे, आणि मला तीच ध्वनिमुद्रिका सर्वांत उत्कट वाटते, ‘ब्लू मकाम्स’मध्ये (२०१७) मात्र जॅक डीजॉनेट यांचे ड्रम्स आणि जँगो बेट्स यांचा पियानो येतो, तेव्हा रागसंगीतावर पोसलेल्या माझ्या कानाला मकाम नेमका कुठे बदलला हे उमगत नाही. पियानोच्या ठरावीक स्वरांपुढे मकामातील सूक्ष्म स्वरांतरे कशी सांभाळली जातात, हे जाणकारांनी एखाद्या रचनेच्या आधारे कृपया समजावून सांगावे.