मदत हवी आहे: मुलांकडून हॅलोविनचे कँडीचे भोपळे करून घ्यायचेत

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी लेकीच्या वर्गातली सहा मुलं घरी येणार आहेत, सगळी पाच-सहा वर्षांची. प्रत्येकाने एक भोपळा सजवायचा आणि त्यात कँडी भरून घरी न्यायचा, असा बेत आहे.

गेल्या वर्षी खरा भोपळा कोरला होता. चौथ्या दिवशी आतून बुरशी आली आणि हॅलोविनपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, तो पार बसला. लेक खूप रडली. त्यामुळे खऱ्या भोपळ्यात खाऊ ठेवायचा धीर होत नाही, आणि इतक्या लहानांच्या हाती सुरीही नको.

छोट्या भोपळ्यावर पोस्टर कलर लावून पाहिला, वाळल्यावर त्याचे पापुद्रे निघाले. आता फुग्यावर कागद चिकटवून करावेत म्हणते, पण ते दोन तासांत वाळणार कसे?

शिवाय एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. त्याला एकटं पडल्यासारखं वाटू नये. काय करू?

प्रतिसाद

ताई, फुग्याचंच करा, पण भोपळे आधी तुम्ही तयार ठेवा. मंगळवारपासून लागा. मैद्याची खळ शिजवा, गार होऊ द्या. फुग्याला उभे दोरे बांधा, म्हणजे भोपळ्यासारख्या फाका दिसतात. वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन थर द्या, रोज एकच, आणि तो रात्रभर वाळू द्या. वरचा भाग मोकळा सोडा, तेच तोंड. शेवटचा थर कोऱ्या कागदाचा हवा, नाहीतर नारिंगीतून बातम्या डोकावतात! शनिवारी मुलांनी फक्त रंगवायचं आणि डोळे-दात चिकटवायचे. पाइप क्लीनरची (हस्तकलेतल्या मऊ केसाळ तारेची) कडी मात्र तुम्हीच लावा.

खऱ्या भोपळ्याची साल मेणचट असते, तिच्यावर पोस्टर कलर धरत नाही. अ‍ॅक्रिलिक धरतो.

अ‍ॅलर्जीचं म्हणाल, तर कँडी कोणालाच देऊ नका. सगळ्यांनाच स्टिकर, उसळते चेंडू, अंधारात चमकणाऱ्या कांड्या द्या. छोट्या पाकिटातल्या कँडीचे घटक कधीकधी मोठ्या पाकिटापेक्षा वेगळे असतात, म्हणून त्या मुलाच्या आईला न विचारता काही देऊ नका. अमेरिकेत 2014 पासून दाराशी टील (हिरवट निळ्या) रंगाचा भोपळा ठेवायची पद्धत देशभर पसरली आहे. इथे खाऊशिवाय दुसरंही काही मिळेल, अशी ती खूण. तुम्ही सहाही भोपळे टील करा.

धागाकर्ती

सहाही टील! हे सुचलंच नव्हतं. आजच त्याच्या आईला फोन करते. एक राहिलं, खळीला वास येऊ नये म्हणून काही घालायचं का?