अविवेक, अविचार आणि तारतम्याचा अभाव

‘अविवेक’ म्हणजे नेमके काय, आणि त्याच्या जागी ‘अविचार’ लिहिले तर काय बिघडते, असा प्रश्न आहे. बोलताना हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. लिहिताना मात्र त्यांतील फरक राखावा, असे माझे मत आहे.

‘विवेक’ हा शब्द ‘विच्’ या धातूपासून आला असून त्या धातूचा अर्थ वेगळे करणे, निवडणे असा आहे. नीरक्षीरविवेक, नित्यानित्यविवेक, सदसद्विवेकबुद्धी या सर्व समासांत दोन गोष्टी आहेत आणि त्या निरनिराळ्या ओळखायच्या आहेत. म्हणून अविवेक म्हणजे विचार न करणे नव्हे, तर सार कोणते आणि असार कोणते हे न कळणे. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात ‘अविवेकाची काजळी’ असे शब्द आले आहेत. तेथे दिवा आहेच, पण त्यावर धरलेल्या काजळीमुळे नीट दिसत नाही.

अविचारात मुळात विचारच झालेला नसतो. एखाद्या अधिकाऱ्याने फाईल एक दिवस उशिरा आली म्हणून रागाच्या भरात, कागद न वाचताच, कारकुनाला निलंबित केले तर तो अविचार होय. त्याने आठवडाभर कागद चाळले, चौघांचा सल्ला घेतला आणि तरीही दोष कोणाचा हे न ओळखता भलत्यालाच शिक्षा केली, तर तो अविवेक. दोष त्या कारकुनाचाच होता, पण ताकीद देऊन भागण्यासारखे असताना त्याला थेट घरी बसवले, तर त्या अधिकाऱ्याला तारतम्य नाही, असेच म्हणावे लागेल. ‘तारतम्य’ हा शब्द ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनादर्शक प्रत्ययांपासून बनलेला असल्यामुळे त्यात कमीअधिकाची जाण अभिप्रेत आहे. (‘तारतम्यभाव’ या रूपात भाववाचकाला पुन्हा ‘भाव’ जोडलेला आहे, पण ते रूप इतके रुळले आहे की त्यावर हरकत घेण्यात अर्थ नाही.)

वाक्यातील वापरही वेगळा आहे. अविचार ‘केला’ जातो. ‘काही अविचार करू नकोस’ असे कोणी काकुळतीने म्हणतो तेव्हा ‘जिवाचे बरेवाईट करू नकोस’ हाच त्याचा आशय असतो. ‘अविवेक करू नकोस’ असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. शिवाय अविवेकाला नैतिक वजन आहे, म्हणून केवळ आडाखा चुकलेल्या माणसाला अविवेकी म्हणणे अन्यायाचे ठरते. तेथे ‘अंदाज चुकला’ एवढे पुरेसे आहे.

‘आततायी’ या शब्दाचा प्रवास लांबचा आहे. धर्मशास्त्रात आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारणारा असे सहा प्रकारचे आततायी सांगितले आहेत. आजच्या मराठीत मात्र घाईने टोकाचे पाऊल उचलणाऱ्यासही तोच शब्द लावतात, आणि वृत्तपत्रांतील ‘आततायी निर्णय’ हा शब्दप्रयोग याच अर्थाचा असतो.

‘पाचपोच’ हा शब्द बहुधा नकारातच येतो आणि तोही चारचौघांतल्या वागण्याबोलण्यापुरता. कोणापुढे काय बोलावे हे न कळणाऱ्याला पाचपोच नसते. न्यायालयाचा निकाल किंवा धोरणात्मक निर्णय यांच्या संदर्भात तो शब्द शोभत नाही.