'टॉमी' (१९७५) : अल्बम पाठ आहे, सिनेमा झेपत नाही

अर्धवट_रॉकर
'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा १९६९चा 'टॉमी' हा डबल अल्बम माझ्या कानांत मुरलाय. केन रसेलने त्यावर केलेला सिनेमा आत्ता पहिल्यांदाच पाहिला आणि डोकं गरगरलं. टीव्ही फुटून खोलीभर बेक्ड बीन्स, मेरिलिन मन्रोच्या पुतळ्याची पूजा, एल्टन जॉनचे ते राक्षसी बूट... गाणी बहुतेक तीच, मग चित्रांचा एवढा भडिमार कशाला? दिग्दर्शकाचा गाण्यांवर भरवसा नव्हता का? जाणकारांनी सांगावं.

प्रकाशझोत
भरवसा होता म्हणून तर सगळी गोष्ट गाण्यांवरच सोडली. अडचण वेगळीच आहे.

मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी 'झोत कुणावर टाकायचा' हा. इथे नायकाला, म्हणजे टॉमीला, दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. अल्बमवर हे खपून जातं, कारण त्याच्या आत काय चाललंय ते गाणं सांगतं आणि चित्र आपण रंगवतो. पडद्यावर टॉमी झालेला रॉजर डाल्ट्री निळ्या डोळ्यांनी शून्यात बघत उभा. हे किती वेळ दाखवणार? आपल्या संगीत नाटकात पद संपलं की गद्य येऊन कथा पुढे ढकलतं, इथे तीही सोय नाही. मग कथा सांगायचं काम वस्तूंवर येतं. टीना टर्नरची ॲसिड क्वीन टॉमीला सुयांनी भरलेल्या धातूच्या पुतळ्यात कोंडते. त्याच्यावर काय बेततंय हे तो सांगू शकत नाही, ते त्या पेटीने सांगायचं.

आता बीन्स. त्याआधी कथेतला एक बदल लक्षात घ्या. अल्बममध्ये युद्धावरून परतलेला बाप आईच्या प्रियकराला मारतो. सिनेमात उलट आहे : प्रियकर, म्हणजे ऑलिव्हर रीडचा फ्रँक, बापालाच मारतो. पोराला दटावतात तेच, तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस; त्यातूनच त्याचं दिसणं, ऐकणं, बोलणं बंद होतं. पण आता खून पचवून, मारेकऱ्याबरोबर संसार करणारी आई उरते. माझ्या लेखी तीच या सिनेमाची नायिका. पुढे टॉमी पिनबॉल या यंत्रावरच्या चेंडूच्या खेळाचा विजेता होतो, घरात पैसा येतो, आणि ती पांढऱ्याशुभ्र खोलीत, पांढऱ्या कपड्यांत शॅम्पेन ढोसत टीव्हीवर मुलाला बघत बसते. बाटली फेकून ती पडदा फोडते आणि आतून फेस, बीन्स, चॉकलेट असं सगळं भसाभस बाहेर येतं. जाहिरातींतला माल आणि तिच्या मनातली घाण एकाच नळाने. आई झालेली ॲन-मार्गरेट त्यात अक्षरशः लोळली आहे. चित्रीकरणात फुटक्या काचेने तिचा हात कापला होता. पांढऱ्या खोलीत तो तपकिरी रंग किती हिशेबाने सोडलाय ते बघा. या प्रसंगाचं गाणं मूळ अल्बमवर नाही, सिनेमासाठी नव्याने लिहिलं. म्हणजे 'द हू'चा गीतकार-गिटारवादक पीट टाउनशेंडलाही ती जागा मोकळी दिसली असणार.

मन्रोच्या देवळाचं मला फारसं कौतुक नाही. प्रसादाला व्हिस्की आणि गोळ्या, पुजारी एरिक क्लॅप्टन : टोमणा पहिल्या मिनिटात कळतो, पुढे नुसती मिरवणूक.

आणि टॉमी बरा झाला की सिनेमा ढेपाळतो. नायक पळतो, पोहतो, गातो, आता त्याच्याभोवती सजावटीची गरजच नाही, पण रसेलचा हात थांबत नाही.

एकतान
बीन्सचं पटलं, बाकीचं नाही. रॉक ऑपेराचा, म्हणजे रॉक गाण्यांतूनच सांगितलेल्या कथेचा, सिनेमा कमी खर्चिक नजरेनेही होतो. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' (१९७३) बघा : इस्राएलचं वाळवंट, काही मचाणं, आणि गाण्यांना श्वास घ्यायला जागा. रसेलच्या सेटवर तर खरोखरच आग लागली होती, १९७४च्या जूनमध्ये, इंग्लंडमधल्या साउथसीच्या साउथ परेड पिअरवर (समुद्रातल्या धक्क्यावर). मुद्दाम नव्हे, पण शोभलं.

अजून एक. टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त. बाबांनी १९२५पासून मौन पाळलं होतं, ते १९६९च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात हा अल्बम आला. श्रेयनामावलीत त्यांचं नाव आहे. न बोलणाऱ्या माणसाभोवती जमणारी गर्दी हा विषय तिथून आला असावा असं मला नेहमी वाटतं. सिनेमात त्यातली शांतता कुठे उरली?

प्रकाशझोत
शेवटच्या डोंगरावर उरली आहे. बाप सुरुवातीला जिथे दिसतो तिथेच मुलगा चढून जातो, समोर फक्त सूर्य. पण तिथवर प्रेक्षक दमलेला असतो, हे मान्य. 'सुपरस्टार'चा दाखला मात्र लागू नाही. तिथे सगळी पात्रं एकमेकांशी वाद घालतात, गाण्यातच नाट्य आहे. मुका नायक त्या वाळवंटात ठेवून बघा.

अर्धवट_रॉकर
बापाच्या खुनाची अदलाबदल माझ्या ध्यानातच आली नव्हती. धन्यवाद. आता बीन्स पुन्हा बघतो. पण सुरात न गाणाऱ्या ऑलिव्हर रीडला गायला लावण्यामागे काय कारण?

प्रकाशझोत
फ्रँक सुट्टीच्या कॅम्पात लोकांची करमणूक करणारा माणूस आहे. तो सुरात गायला असता तर मला संशय आला असता. जॅक निकल्सनचा डॉक्टर बघा, दोन-चार ओळींत काम भागवतो.