थंडीतली देवळं, वाडे, म्युझियमं: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ:
परवा भावाने घरच्या ग्रुपवर खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा फोटो टाकला. त्रिपुरी पौर्णिमा, स्वर्गमंडपाचं गोल उघडं छत आणि त्यात बरोब्बर मधोमध चंद्र. मी मेथी निवडत होते, ती तशीच राहिली.

माझं माहेर कुरुंदवाडजवळचं. एरवी कोपेश्वर म्हणजे पाव्हणे आले की दाखवायचं देऊळ, एवढंच. त्रिपुरीला मात्र आजी जेवणं उरकून सगळ्या पोरांना टेंपोत कोंबायची. ४८ खांबांचा मंडप, मधे छप्परच नाही आणि त्या उघड्या गोलाच्या बरोबर खाली तेवढीच गोल रंगशिला. कार्तिकातला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. मग तो उजेडाचा गोल खांबांवरून उतरत उतरत रंगशिलेवर येऊन बसतो. तोवर बायकांचं पणत्या लावणं चाललेलं. नदीवरून असलं गार वारं यायचं की एकीने पदर आडवा धरायचा आणि दुसरीने काडी ओढायची. आजीचा सारखा धोशा, "खांबाला टेकू नका, नवा फ्रॉक तेलकट होईल."

हल्ली फार गर्दी असते म्हणे. तरी यंदा जायचंच आहे. तुम्हीही लिहा ना, थंडीत अशा जुन्या जागी अनुभवलेलं काहीही. उत्सव, जलसा, शाळेची सहल. परदेशातल्यांनीपण लिहा.

ठमाकाकू:
मस्त धागा. कुकर लावून येते.

रंकाळ्याचा_राजा:
आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव राहिला की ओ! ९, १०, ११ नोव्हेंबर आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत्यात. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. म्हणजे सगळं जमून आलं तर. कधी ढग आडवे येतात, कधी हवेतली धूळ, वाटेतल्या इमारतींचा वाद तर कायमचाच. मी कॉलेजला असताना गरुड मंडपाच्या कडेला उभा होतो. किरण कासवापाशी आले, पितळी उंबऱ्यावर आले, सगळी गर्दी चिडीचूप. शेजारचे आजोबा कॉमेंट्री केल्यासारखे हळूच म्हणत होते, "चढलं... चढलं... गुडघ्यापतूर आलं." आणि गेला की राव ढग. आजोबांनी ढगाला जी शिवी हासडली ती देवीनेपण ऐकली असणार 😂

मिनीमाऊ:
😂😂 आजोबा भारी

शंका_निरसन:
दोनदा का असतो पण? आणि मधे अडीच पावणेतीन महिन्यांचं अंतर कसं?

रंकाळ्याचा_राजा:
सूर्य दक्षिणेकडे सरकताना ज्या जागी मावळतो, परत उत्तरेकडे येताना त्याच जागी मावळणार ना. २१-२२ डिसेंबरच्या अलीकडे जेवढे दिवस, पलीकडे साधारण तेवढेच. ज्यांनी बांधलं त्यांनी आधी सूर्य बघितला आणि मग दार काढलं.

एडिसनची_सून:
इथे ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये लिहितेय, शुद्धलेखन चालवून घ्या. न्यू जर्सीतल्यांना वॉशिंग्टन क्रॉसिंग माहीत असेलच. १७७६ च्या ख्रिसमसच्या रात्री वॉशिंग्टनने बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडली, २४०० सैनिक घेऊन, आणि सकाळी ट्रेंटनमध्ये जर्मन भाडोत्री फौजेवर तुटून पडला. दरवर्षी २५ डिसेंबरला दुपारी तिथे ते सगळं करून दाखवतात. तशाच लांबुडक्या काळ्या डरहॅम होड्या, तिकोनी टोप्या, बंदुका, भाषण.

सासूबाई-सासरे पहिल्यांदा आले होते तेव्हा नेलं. सासरे एकावर एक दोन स्वेटर, वर जाकीट, वर मफलर. शेजारी उभा असलेला 'सैनिक' फाटक्या सुती कोटात, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, अगदी अस्सल. सासूबाईंना राहवेना. पर्समधून तिळाची वडी काढून त्याला दिली. त्याने आपल्या मोडक्या पायमोज्याच्या हाताने टोपी काढून सलाम केला आणि वडी खाल्ली पण! नंतर नदीला पाणी जास्त म्हणून होड्या सोडल्याच नाहीत. असं बऱ्याच वर्षी होतं, मग नुसतं संचलन आणि भाषण. सासरे परत येताना गाडीत म्हणाले, "अरे, हा तर आपला लाल महाल!"

ठमाकाकू:
मोडक्या पायमोज्याचा हात म्हणजे? 🤔

एडिसनची_सून:
हाहाहा फोनने केलं. फाटक्या हातमोज्याचा.

पेठकर:
काका चुकले. लाल महालाचा छापा चैत्रातला, एप्रिल १६६३. पुण्यात तेव्हा घामाच्या धारा. शिवाय तिथे नदी ओलांडायची नव्हती आणि बरोबर मोजकीच माणसं होती. थंडीचं साम्य हवं असेल तर प्रतापगड घ्या, नोव्हेंबर १६५९.

एडिसनची_सून:
सासऱ्यांना कळवते. रात्रभर झोपायचे नाहीत आता.

गडवाट:
प्रतापगडाचं नाव निघालंच आहे तर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला शिवप्रताप दिन असतो गडावर. भवानीमातेची पूजा, पालखी, ढोल, लेझीम, वर हेलिकॉप्टरमधून फुलं. सकाळी धुकं इतकं की पालखी आधी ऐकू येते, मग दिसते. दर्दी लोकांनी आदल्या रात्रीच वाई किंवा महाबळेश्वरात मुक्काम करावा. वाटेत स्ट्रॉबेरीही नुकती सुरू झालेली असते. क्रीमवाली नको, नुसती मीठ लावून खा.

मिनीमाऊ:
मीठ?? स्ट्रॉबेरीला??

गडवाट:
मीठ आणि तिखट. आवळ्यासारखी. करून बघा, मग बोला.

खारीचा_वाटा:
आमची चौथीची सहल, पुण्याचं केळकर संग्रहालय. डिसेंबर, सकाळची शाळा, सगळी पोरं सर्दीने सूं सूं करतायत. बाईंनी बजावलेलं की काचेला नाक लावायचं नाही. मला आठवतात ते अडकित्ते. एक मोर, एक घोडा, एक बाई आणि बुवा असे की दाबला की... आम्ही इतके हसलो की बाईंनी रांग पुढे ढकलली. आणि पाय घासायच्या वज्र्या! पाय घासायच्या वस्तूवर कोणी हत्ती का काढेल, असं वाटलेलं. आता वाटतं, का काढू नये. मस्तानीचा महालही तिथेच उभा केलाय, कोथरूडचा उचलून आणून. आम्हाला मात्र महालापेक्षा घाई होती डबा खायची. संभाजी बागेत गुळपोळी.

पेठकर:
एक पुस्ती: केळकर स्वतः कवी, 'अज्ञातवासी' नावाने लिहायचे. राजा हे त्यांच्या गेलेल्या मुलाचं नाव, त्याच्या आठवणीत संग्रहालय.

खारीचा_वाटा:
हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर इतकं हसलो नसतो.

ठमाकाकू:
आले. आता माझं. काळा घोडा, फेब्रुवारी. मुंबईची 'थंडी' म्हणजे पंखा दोनवर. १९९९ पासून भरतोय हा महोत्सव, सुरुवातीला आरामात फिरता यायचं. तिथल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या हिरवळीवर बसून गाणं ऐकलंय मी, मागे तो घुमट, कोणी हटकत नव्हतं. आता गर्दीत चप्पल हरवते. पण मला सांगायचंय ते वेगळंच. लेकाने विचारलं, आई, काळा घोडा कुठाय? खरा पुतळा, घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, १९६५ सालीच तिथून हलवलाय. हल्ली, २०१७ पासून, नवा घोडा आहे, स्वाराविना. लेक हट्टाला पेटला, खराच बघायचा. मग पुढच्या रविवारी भायखळ्याची राणीबाग. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात आहेत स्वारी. आणि तिथेच तो दगडी हत्ती, ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा नाव पडलं. म्हणजे काळा घोडा काळ्या घोड्यात नाही आणि एलिफंटाचा हत्ती एलिफंटात नाही. लेक म्हणाला, मुंबईत सगळेच भायखळ्याला शिफ्ट होतात का?

भायखळेकर:
भाडी बघा आणि मग बोला 😄

शंका_निरसन:
तिकीट किती असतं हो सगळीकडे? आणि स्वच्छतागृह? आई-बाबांना घेऊन फिरताना मी आधी हेच विचारतो. एका प्रसिद्ध लेण्यात (नाव नको) आईला परत पार्किंगपर्यंत पळवावं लागलं.

गडवाट:
+१. १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह असतो, १९ ला पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना तिकीट नसतं. फुकट आहे म्हणून अर्थात गर्दी, आणि गर्दी आहे म्हणून तुमचा दुसरा प्रश्न आणखी बिकट.

व्हर्जिनियावाली:
वॉशिंग्टनबद्दल वाचलं म्हणून लिहिते. त्याचं घर माउंट व्हर्नन आमच्यापासून जवळ. ख्रिसमसला तिथे उंट असतो. खराखुरा! १७८७ मध्ये त्याने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी १८ शिलिंग देऊन उंट आणवला होता, हिशेबाच्या वहीत नोंद आहे. म्हणून आता दरवर्षी उंट येतो, अलादीन नावाचा. मी राजस्थानात राहिलेली बाई, बर्फाच्या भुरभुरीत उंट बघून गहिवरून आलं. लोक फोटो काढतायत आणि तो शांतपणे चघळतोय.

मिनीमाऊ:
१८ शिलिंग म्हणजे तेव्हा किती?

व्हर्जिनियावाली:
माहीत नाही, पण एवढ्यात आमच्याकडे पार्किंगही मिळत नाही.

रंकाळ्याचा_राजा:
@कृष्णाकाठ ताई, त्रिपुरीला येणार असाल तर कोल्हापुरातून आमची गाडी निघणार आहे. दोन जागा आहेत. नृसिंहवाडीला दर्शन करून पुढं. धपाटे आमच्याकडं, तुम्ही दही आणा.

कृष्णाकाठ:
येतेय! दही सांगलीचं आणते. खवा पण आणू का?

ठमाकाकू:
गाडीत तिसरी जागा होते का बघा. मी बारीक आहे.

रंकाळ्याचा_राजा:
काकू, मागच्या वेळीपण असंच म्हणाला होता.