ट्रिगर बदलला का? तुमचा अनुभव सांगा

यावलचा केळीवाला
काल रात्री ह्यूस्टनहून भाच्याचा फोन. मामा, ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं, पण कंपनीचा ट्रिगर जड लागतो, अर्ध्यात अडतो नि मग जोर लावला की सुटतो, इथे दीडशे डॉलरात हलका मिळतो, पिना काढल्या की घरीच बसवता येतो, बदलू का? दोन मिनिटं माझ्या तोंडातून शब्द निघेना. मला आजोबांची दुनाळी आठवली.

मी सातवीत होतो. केळीत रानडुकरं घुसायची म्हणून पीक राखायला आजोबांनी लायसन काढलेलं. दोन्ही घोडे कडक आणि आजोबांची बोटं संधिवाताने वाकलेली, म्हणून काकांनी एका मिस्त्रीकडून आतली खाच घासून आणली. पहिले पंधरा दिवस सगळे खुश, बोट लावलं की बार. मग एका रात्री काका मळ्यातून आले, काडतूस काढायचं राहिलेलं, ओट्यावर दस्ता टेकवला, फक्त टेकवला हो, बोट घोड्याजवळसुद्धा नव्हतं, नि बार उडाला. पडवीचा पत्रा फाटला. आजी तिथून चार हातांवर कळण्याच्या भाकरी थापत होती. कुणाला लागलं नाही, पण आजी तीन दिवस काकांशी बोलली नाही नि काकांनी परत कधी बंदूक उचलली नाही.

आता पोराला काय सांगू? स्ट्रायकरवालं पिस्तूल, म्हणजे ज्यात ठोका देणारी पिन आतच स्प्रिंगवर असते, मी कधी हातात धरलेलं नाही. बदललं असेल त्यांनी लिहा, मुद्दाम नसेल बदललं त्यांनी तर नक्की लिहा.

धुळे, निवृत्त जवान
आजी वाचल्या, हीच मोठी गोष्ट.
आम्ही एसआरपीत ३०३ रायफलवर शिकलो. तिचा घोडा दोन दाबांचा, पहिला दाब मोकळा, मग अडतो, तिथे श्वास थांबवायचा नि दुसरा दाब. उस्ताद रिकाम्या रायफलच्या नळीवर पुढे चार आणे ठेवायचे, घोडा दाब, नाणं पडलं की पुन्हा. मी पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आलेलो, वाटायचं माझीच रायफल खराब. महिनाभराने नाणं पडायचं थांबलं, रायफल तीच होती. भाचा ज्याला अडणं म्हणतो ना, तीच तर खूण आहे भो, तिथवर यायचं नि मग दाबायचं. ती काढून टाकली तर बोटाला कळणार कसं?

अमळनेर ते ऑस्टिन
केळीवाले दादा, तुमच्या भाच्याचा प्रश्न मी सहा वर्षांपूर्वी जगलोय म्हणून जरा लांबण लावतो. ग्लॉकला बाहेर हॅमर (मागची हातोडी) नाही, बाजूला सेफ्टीचा खटका पण नाही. आत तीन सेफ्ट्या, ट्रिगरच्या पात्यात एक छोटं पातं, फायरिंग पिन अडवणारी एक, आणि पडल्यावर सुटू नये म्हणून एक, आणि तिन्ही ट्रिगर मागे येतानाच क्रमाने उघडतात. म्हणजे ट्रिगर हीच सेफ्टी समजा, तो साधारण अडीच किलोचा ठेवलाय तो उगाच नाही. लोक म्हणतात फक्त कनेक्टर (ट्रिगरचा जडपणा ठरवणारी आतली छोटी पट्टी) बदलला, पण त्यासोबत ट्रिगर बार (ट्रिगरला जोडलेली दांडी) आणि स्प्रिंगा पण बदलतात, नि स्वस्त किटमध्ये हे भाग एकमेकांवर किती बसतात याची खात्री कुणी देत नाही.
माझ्याकडे दोन आहेत. रेंजवरच्याला बदलला, तोही तिथल्या गनस्मिथकडून (हत्यारांचा मिस्त्री), घरी नाही. मजा येते, रीसेट छोटा आहे, म्हणजे पुढच्या गोळीसाठी ट्रिगर थोडाच पुढे सोडावा लागतो, लागोपाठच्या गोळ्या पटापट जातात. घरच्या कपाटातल्याला हात लावला नाही नि लावणारही नाही. रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, हात थरथरत असताना मला हलका ट्रिगर नकोय. घरात माणसं आहेत.

भुसावळ जंक्शन
कळण्याच्या भाकरीवरून आठवलं, भरिताची वांगी आली का बाजारात? आमच्याकडे अजून बामणोदची दिसली नाहीत

वरणगाव क्वार्टर
@अमळनेर ते ऑस्टिन, स्प्रिंगांचं बरोबर. वडील वरणगाव फॅक्टरीत, तिथे छोट्या हत्यारांच्या गोळ्याच बनतात. ते नेहमी सांगायचे की प्रायमर, म्हणजे गोळीच्या बुडातली पेटणारी टिकली, पेटायला ठराविक जोराचा ठोका लागतो, तो कमी पडला की गोळी नुसती खूण घेऊन बसते, उडत नाही. हलकी स्ट्रायकर स्प्रिंग टाकून ट्रिगर मऊ केला की हाच धोका. रेंजवर हसण्यावारी जाईल, पण ज्या कामासाठी माणूस हत्यार घरात ठेवतो तिथे नाही जाणार. घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

वरणगाव क्वार्टर
@भुसावळ जंक्शन आली आली, रविवारच्या बाजारात होती

जळगावची नेमबाज
मी एअर पिस्तूलवाली, त्यामुळे माझं थोडं वेगळं. आमच्याकडे १० मीटरला ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, २५ मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तूलला १००० ग्रॅम. स्पर्धेत नळी उभी धरून ट्रिगरला वजन टांगून बघतात, उचललं नाही तर बाद. म्हणजे ट्रिगर स्वतःला हवा तसा लावणं आमच्यात रोजचंच आणि नियमातलंच.
आणि तरीही सांगते, एका सीझनला मी सहा वेळा स्क्रू फिरवला. कधी पहिला टप्पा लांब, कधी छोटा, कधी पातं पुढे. स्कोअर ३६०च्या वर जाईना. मग सरांनी स्क्रू फिरवायचा पाना काढून घेतला नि महिनाभर कोऱ्या भिंतीसमोर उभं केलं, टार्गेटच नाही, फक्त पुढची माशी (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) बघत ट्रिगर दाबायचा. तेव्हा दिसलं की सुटण्याच्या आधी माझं मनगट खाली जातं. बारच्या भीतीने. मी ट्रिगरमध्ये शोधत होते ते मनगटात होतं. भाच्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जातायत का विचारा, उजव्या हाताचा असेल तर बहुतेक तेच निघेल.
यंत्र दगा देतं तेव्हा काय होतं तेही बघितलंय. टोकियोत पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, किती मिनिटं वाया गेली, मी टीव्हीसमोर रडले होते. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने दोन कांस्य घेतली तेव्हा पुन्हा रडले.

सातपुड्याचा पायथा
मनू भाकरच्या वेळी आमचं पूर्ण घर उभं होतं. आणि स्वप्निल कुसाळे! तो सेंट्रल रेल्वेचा म्हणून भुसावळात पेढे वाटले आमच्या साडूने

शहाद्याची लेक, ॲरिझोना
सगळे नको नको म्हणतायत म्हणून मी दुसरी बाजू लिहिते. माझे हात फार छोटे. कंपनीच्या ट्रिगरवर बोटाचं फक्त टोक पोचायचं, नीट दाबायला पकड फिरवावी लागायची, नि पकड फिरली की सगळं गेलं. दोन वर्षं मी सराव सराव करत बसले, नवरा म्हणायचा जमेल. नाही जमलं. शेवटी गनस्मिथने मुठीच्या मागची पट्टी बदलून सगळ्यात बारीक लावली आणि सपाट पात्याचा ट्रिगर बसवला, वजन तेवढंच ठेवून. त्या दिवशी पहिल्यांदा पकड सरळ राहिली. म्हणून सांगते, आकार बदलणं वेगळं नि हलका करणं वेगळं. पोराला विचारा त्याला नक्की काय खुपतंय.
बसवल्यावर गनस्मिथने माझ्यासमोर रिकामं पिस्तूल तपासून दाखवलं, स्लाइडला रबरी हातोडीने ठोकलं, ट्रिगर सोडून परत पकडतो का बघितलं. हे घरी कोण करतं?

चोपडा बसस्टँड
इथल्यांनी लक्षात ठेवा, आपल्याकडे ९ एमएम सामान्य माणसाला मिळतच नाही, प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. माझ्याकडे ३२ ची रिव्हॉल्वर. हॅमर मागे न ओढता दाबली तर बोट दुखतं. पण दुरुस्ती परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायची असते, १९५९ चा कायदा स्पष्ट आहे, हाताने घासाघीस करायला गेलात तर लायसन जाईल नि वर केस. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची, या फेऱ्यांतच जास्त हाताळली जाते ती.

यावलचा केळीवाला
@शहाद्याची लेक, हे मला सुचलंच नव्हतं ताई. आजोबांनाही खरं म्हणजे बोटांचाच त्रास होता, घोड्याचा नव्हता. बंदूक दुसऱ्याने चालवायची, तर आम्ही खाच घासली.

अमळनेर ते ऑस्टिन
अजून एक राहिलं. दस्ता टेकवल्यावर बार उडाला ते वाचून सिग कंपनीचं पी३२० पिस्तूल आठवलं. २०१७ मध्ये ठराविक कोनात पडल्यावर त्यातून गोळी सुटते असं समोर आलं, कंपनीने फुकट अपग्रेड दिलं. कारण काय, तर ट्रिगरचं पातंच जड, पिस्तूल आपटलं की पातं स्वतःच्या वजनाने मागे जायचं. उपायात त्यांनी पातं हलकं केलं, म्हणजे पात्याचं वजन कमी केलं, दाब नाही. बघा, हलकं हा शब्द दोन अर्थाने येतो नि लोक गोंधळतात. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे आधी दिसलं नाही ते आपल्याला डायनिंग टेबलवर कुठून दिसणार.

धुळे, निवृत्त जवान
दादा भाच्याला म्हणा गोळ्या दुसऱ्या खोलीत, चेंबर (गोळी बसते ती जागा) दोनदा बघ, मग नाणं ठेव. रोज दहा मिनिटं. दीडशे डॉलरच्या गोळ्या घे, चारपाचशे तरी येतील, त्या उडव, मग विचार कर.

भुसावळ जंक्शन
दादा तो पत्रा बदलला का नंतर?

यावलचा केळीवाला
@भुसावळ जंक्शन नाही बदलला. आजीने बदलूच दिला नाही, पावसाळ्यात खाली पातेलं ठेवायची. आजी गेली, आता आई ठेवते.
भाच्याशी आत्ताच बोललो. आधी त्याला विचारलं गोळ्या कुठे जातात. म्हणाला खाली-डावीकडे. मी त्याला पत्र्याची गोष्ट सांगितली, त्याला माहीतच नव्हती, त्याच्या आईने कधी सांगितली नव्हती. किट अजून मागवलेलं नाही. नाणं शोधतोय, तिकडचं चालेल का विचारत होता.

धुळे, निवृत्त जवान
चालेल. पण पातळ घे म्हणा.